सोनटक्के पाळक आणि माझं रविवारचं शटर

सन २०२२. माझं वय तेव्हा चौऱ्याहत्तर, आणि इंदूरच्या पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागातल्या माझ्या लेथच्या शेडचं एकेचाळीस. या एकेचाळीस वर्षांत मी रविवारी कधी शटर उचललं नव्हतं. गिऱ्हाईक दारात येऊन रडलं तरी नाही. एकदा सांवेरचा एक शेतकरी ऐन सोयाबीनच्या दिवसांत थ्रेशरचा तुटका शाफ्ट खांद्यावर घेऊन रविवारी माझ्या घरी आला. त्याला चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि सांगितलं, "भिया, सोमवार को सात बजे." देवानं सहा दिवस काम करून सातव्या दिवशी हात धुतले. मी काय देवापेक्षा मोठा कारागीर आहे?

तर अशा माणसाला रविवारी शटर उचलायला लावणारा माणूस कसा होता, ते लिहून ठेवायचं आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही बोला, मी मोबाईलवर टाईप करते. मी म्हटलं, माझं मी लिहीन. कुणाला वाचता आलं नाही तर त्यानं चष्मा लावावा.

पाळक दानियल सोनटक्के आमच्या चर्चात जालन्याकडून बदलून आले. वय सत्तावन्न. बुटके, गोल, अंगात पांढरा शर्ट, त्याच्या खिशाला कायम निळ्या शाईचा डाग. स्कूटर इतकी जुनी की सुरू करण्याआधी तिला एका बाजूला आडवी करावी लागायची, म्हशीला पाणी पाजायला वाकवावं तशी. गाण्याची भारी हौस आणि गळा अजिबात नाही. सूर एकीकडे, साहेब दुसरीकडे, आणि आवाज मात्र सगळ्यांत मोठा.

पहिल्याच रविवारी सकाळी आठच्या मराठी उपासनेत त्यांनी खालच्या बाकांकडे पाहिलं. आम्ही तीस-पस्तीस जण. सगळी डोकी पांढरी, वरून पाहिलं तर कापसाचं शेत. साहेब म्हणाले, "खोकल्याचा आवाज फार येतो हो या चर्चात. हसण्याचा येत नाही. पोरं कुठायत?"

उपासनेनंतर आमच्या पंचमंडळाचे सेक्रेटरी वाघमारे मास्तर त्यांच्याजवळ गेले. मास्तर शाळेतून रिटायर झालेले, पण चेहऱ्यावरून अजून हजेरी घेत असल्यासारखे. म्हणाले, "पोरांना धाक नाही साहेब. आमच्या वेळी बाप कान धरून आणायचा."

"बरं," साहेब म्हणाले, "मग आता ती पोरं बसतात कुठं, ते बघून येतो."

ते खरंच बघायला गेले. महिनाभर हा माणूस संध्याकाळी इंदूरभर फिरला. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोरांच्या टेबलाशी जाऊन बसायचा, कोचिंगवाल्या पोरांच्या चहाच्या टपरीवर उभा राहायचा. कुणाला उपदेश नाही, काही नाही. "काय खाताय? मलाही एक सांगा." महिन्यात त्यांच्या शर्टाची बटणं ताणली. मी म्हटलं, "साहेब, तुमचं पोट वाढलं." ते म्हणाले, "कामाचं पोट आहे मिस्त्री, आरामाचं नाही."

मग त्यांनी पोरांच्या उपासनेसाठी पहिली जागा धरली. राजवाड्याकडच्या एका पोह्याच्या दुकानाचा मागचा भाग, रविवारी सकाळी सात वाजता. चर्चातल्याच घरांतली पोरं, ज्यांनी चर्च सोडलेलं, तीच बोलावली. सहा आली. साहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटले, आणि नेमकं पुढून दुकानदार ओरडला, "दो उसल-पोहे, सेंव ज्यादा!" एका पोरानं डोळे मिटल्या मिटल्या "आमेन" म्हटलं. सगळे इतके हसले की प्रार्थना तिथंच संपली. दुकानदार बिचारा ओशाळला, तर साहेब त्यालाच म्हणाले, "नाही भिया, चूक आमची. तुम्ही आधीपासून इथं होता."

दुसरी जागा होती बायपासकडचं जाळीतलं क्रिकेटचं मैदान. पोरांनीच सुचवलेली. तिथं साहेब क्षमेवर बोलत असताना शेजारच्या जाळीतून चेंडू आला आणि त्यांच्या पाठीत बसला. ज्याचा चेंडू तो पोरगा कान धरून माफी मागायला आला. साहेब पाठ चोळत म्हणाले, "बघा, विषय चालूच होता." पण त्यांनी ती जागा सोडली. म्हणाले, रोज रोज कोण क्षमा करणार.

मग ते माझ्याकडे आले.

मी लेथवर होतो. चकात पकडलेला लोखंडी जॉब फिरत होता. ते दारात उभे राहिले, मशीन थांबेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हे मला आवडलं. चालत्या मशीनवर माणसाशी बोलू नये, एवढी अक्कल शिकलेल्यांनाही नसते. मी मशीन थांबवलं तेव्हा म्हणाले, "मिस्त्री, रविवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा तुमची शेड पाहिजे. पोरांच्या उपासनेला."

"रविवारी माझं शटर उघडत नाही."

"काम करायचं नाही. देवाचं नाव घ्यायचंय."

"देवाचं नाव घ्यायला चर्च बांधलंय. माझ्या बापानं त्याच्या विटा वाहिल्यात."

"बरं," म्हणाले, "उद्या येतो."

आणि दुसऱ्या दिवशी आले. तेच विचारलं, मी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी आले. नऊ दिवस हा माणूस स्कूटर आडवी-उभी करत पोलोग्राउंडला येत राहिला. एकदा मी वैतागून म्हटलं, "साहेब, तुम्हाला नाही म्हटलेलं कळत नाही का?" ते म्हणाले, "कळतं ना. रोज जरा हळू म्हणताय."

दहाव्या दिवशी त्यांनी शेडचं विचारलंच नाही. पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, "त्या पोह्याच्या दुकानात रूथ आली होती. तुम्हाला सांगितलं का तिनं? शेवटपर्यंत बसली."

रूथ माझी नात. तेव्हा एकोणीस वर्षांची. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, गेला तेव्हा ती सोळाची होती. त्यानंतर दर रविवारी चर्चाच्या दारात बायका तिचा चेहरा दोन्ही हातांत धरायच्या आणि रडायच्या. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण एक दिवस ती घरी आली आणि म्हणाली, "आजोबा, मैं वहाँ बिचारी बनके नहीं जाऊँगी. बस." तेव्हापासून तीन वर्षं तिनं चर्चाचं तोंड पाहिलं नव्हतं. मी पुष्कळ ओरडलो. तिची आई नर्स, रविवारी बहुतेक ड्युटीवर. ती म्हणायची, बाबा, तिला तिच्या वेळेनं येऊ द्या. मी काही वेळ-बिळ देणारा माणूस नाही. पण रूथ माझीच नात, मी जितका ओरडलो तितकी ती घट्ट बसली. रविवारी सकाळी मी एकटा चर्चात जायचो आणि बाकावर शेजारची जागा रिकामी ठेवायचो. तिथं कुणाला बसू द्यायचो नाही.

मी साहेबांना विचारलं, "बोलली काही?"

"नाही. नुसती बसली. पण चेंडूच्या जागी आली नाही. तिथं कुणीतरी ओळखीच्या काकू फिरायला येतात म्हणे."

मी लेथ सुरू केला, परत बंद केला. म्हटलं, "पोलोग्राउंडला रविवारी काळं कुत्रं नसतं. काकू तर नाहीच."

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले.

मी हो म्हटलं, पण माझ्या अटीवर. शटर मी उचलीन, मीच पाडीन. मशीनला कुणी हात लावायचा नाही. आणि मी आत बसणार नाही. माझं चर्च ते चर्च. साहेब म्हणाले, "मंजूर." आधी ते आजूबाजूच्या सगळ्या शेडवाल्यांना स्वतः जाऊन भेटले, आमची ही पोरं, हे करणार आहोत, आवाज झाला तर सांगा. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं उलट त्यांना दोन बाकडी दिली.

परवानगी मात्र पंचमंडळाची लागते. वाघमारे मास्तर म्हणाले, "गॅरेजमध्ये उपासना? उद्या म्हणाल पंक्चरच्या दुकानात बाप्तिस्मा." शेवटी ठरलं की तीन महिने बघायचं. तीन महिन्यांनी पंच स्वतः येऊन पाहतील. उपासना वाटली तर ठीक, तमाशा वाटला तर त्याच दिवशी बंद.

आता एक गोष्ट सांगतो, त्यावरून साहेब कसे होते ते कळेल. आमच्या मंडळीत चपला दाराबाहेर काढून आत जातात. जुनी रीत आहे. मी म्हटलं, शेडमध्ये देवाचं नाव घेणार असाल तर इथंही चपला बाहेर. पोरं म्हणाली, आजोबा, खाली लोखंडाचा बुरादा आहे. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा. दर शनिवारी मी जमीन झाडायचो, मग दोरीला लोहचुंबक बांधून कोपऱ्या-कोपऱ्यातून ओढत फिरायचो. बारीक बारीक लोखंडी छिलके त्याला केसांसारखे चिकटून यायचे. गुडघे दुखायचे, पण एका पोराच्या पायाला काही लागलं असतं तर माझी इज्जत गेली असती.

पहिल्या रविवारी अकरा पोरं आली. लेथवर मी गोधडी टाकून ठेवली होती. एका पोराकडे गिटार, एकाकडे स्पीकर. रूथ मागे, ड्रिल मशीनजवळ बसली. मी बाहेर स्टूल टाकून, पाठ शेडकडे करून बसलो. साहेब दीड तास उभे राहून बोलले, हसले, बेसूर गायले. संपल्यावर बाहेर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "मिस्त्री, एक चिमटा आहे का?" उजव्या पायाच्या तळव्यात पितळेचा छिलका रुतला होता, बोटभर रक्त वाळलेलं. पितळेला चुंबक लागत नाही, हे पन्नास वर्षं काम केलेल्या मिस्त्रीला सुचलं नव्हतं!

मी शरमेनं म्हटलं, "कधी लागला?"

"पहिल्या गाण्याला."

"मग बसायचं ना खाली!"

"बसलो असतो तर पोरांनी पुढच्या वेळी बूट घातले असते," म्हणाले, "आणि तुम्ही शटर पाडलं असतं."

छिलका मीच काढला. त्यानंतर शनिवारी चुंबकाच्या मागून ओल्या फडक्यानं हातानं पुसायलाही लागलो.

पोरं वाढली. अकराची वीस झाली, कधी पंचवीस. तिथं काय व्हायचं ते मला पाठीमागून ऐकू यायचं. पोरं प्रश्न विचारायची, वाटेल ते. एकीनं विचारलं, नोकरी मिळत नाही तर प्रार्थना करून काय उपयोग. चर्चात असं कुणी विचारलं असतं तर वाघमारे मास्तरांनी बाहेर उभं केलं असतं. साहेब म्हणाले, "मला माहीत नाही. अर्ज किती केलेस ते सांग." मग अर्धा तास त्या पोरीच्या अर्जावरच बोलणं. पुढच्या रविवारी कुणीतरी तिच्यासाठी अर्ज नीट लिहून आणला होता. रूथनं.

मला घरी येऊन रूथ काही सांगायची नाही आणि मी विचारायचो नाही. पण शनिवारी मी चुंबक घेऊन निघालो की तीही सायकलच्या मागे बसून यायला लागली.

तीन महिने झाले. पंच यायचा रविवार ठरला. पोरांनी खूप तयारी केली, मोठा स्पीकर भाड्यानं आणला, भिंतीवर गाण्याचे शब्द दाखवायला पडद्याचं मशीन.

आता माझी चूक लिहितो. पोलोग्राउंडला महिन्यातून एका रविवारी दुरुस्तीसाठी विजेची लाईन बंद असते, संध्याकाळपर्यंत. सगळ्या शेडवाल्यांना हे पाठ. कारखाने बंदच असतात, म्हणून त्या दिवशी ठेवतात. आदल्या तीन महिन्यांत साहेबांच्या वेळेआधी ती परत यायची. त्या रविवारी काम मोठं आहे, सात वाजतील, असं मला शुक्रवारीच कळलं होतं. मी सांगितलं नाही. का? मला कुणी विचारलं नाही म्हणून. शटर माझं, लाईन माझी, आणि पडद्याचं मशीन लावताना कुणी मला एका शब्दानं विचारलं नाही. हा माझा स्वभाव. त्याचं मी समर्थन करत नाही, पण लपवतही नाही.

पाच वाजता वाघमारे मास्तर आणि दोन पंच आले. स्पीकर मुका, पडदा काळा. पत्र्याच्या शेडमध्ये अर्धा अंधार आणि उकाडा. पोरांची तोंडं उतरली. त्यांना गाण्याचे शब्द पडद्यावर वाचायची सवय. मास्तर चपला काढता काढता म्हणाले, "लाईट गेली की तुमची उपासनाही गेली का?"

साहेब हसले. म्हणाले, "चला, एक जुनं गाऊ." आणि त्यांनी एक मराठी भजन उचललं, जे माझी आई भाकऱ्या थापताना म्हणायची. पोरांना शब्द येत नव्हते, चाल येत नव्हती, त्यामुळे सगळी भिस्त साहेबांवर. आणि साहेबांनी त्या भजनाची काय दशा केली म्हणून सांगू! पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीला जिथं सूर खाली यायचा तिथं ते वर गेले आणि वरच राहिले. मास्तरांच्या तोंडावर हसू आलं. ते मला दारातून दिसलं.

मला सहन झालं नाही. मास्तरांचं हसू की आईच्या भजनाची दुर्दशा, काय ते देव जाणे. मी स्टुलावरून उठलो, चपला काढल्या, आत गेलो आणि म्हटलं, "थांबा साहेब. असं नाही ते."

ते लगेच थांबले. जणू कधीपासून वाट बघत होते.

मी पहिल्यापासून धरलं. माझा गळा काही फार मोठा नाही, पण चाल पक्की. एक ओळ मी म्हणायचो, तीच पोरं परत म्हणायची. हळूहळू शब्द सापडले. गिटारवाल्यानं नुसती तार छेडून सूर धरला. दुसऱ्या कडव्याला माझा श्वास पुरेना, तर मागून ड्रिल मशीनजवळून कुणीतरी ओळ उचलली. रूथ. लहानपणी मीच शिकवलेलं. मला वाटलं होतं, विसरली असेल. तिसरं कडवं आम्ही दोघांनी म्हटलं. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली होती. साहेब खाली बसून गप्प ऐकत होते. पहिल्यांदाच त्यांना गाण्यात गप्प पाहिलं.

संपल्यावर मास्तर घसा खाकरून म्हणाले, "हे भजन आता चर्चातसुद्धा कुणाला पूर्ण येत नाही." निर्णय असा दिला, "सोनटक्के साहेब आहेत तोवर चालू द्या. ते गेले की बंद. पाळकाशिवाय शेडमध्ये पोरं एकटी नकोत. कुणी पंच किंवा वडीलधारा जबाबदारी घेईल तर वेगळं."

सगळे गेल्यावर साहेब मला म्हणाले, "मिस्त्री, लाईन जाणार हे तुम्हाला माहीत असेल ना?"

"होतं."

ते इतके हसले की त्यांना बाकड्यावर बसावं लागलं. "आणि मी बेसूर गातो हे मला माहीत आहे," म्हणाले. त्यापेक्षा जास्त काही नाही. मला आजही कळलेलं नाही की त्या दिवशी ते मुद्दाम तितके बेसूर गायले की काय.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांच्या बदलीचं पत्र आलं. पाळकांना कधी एका जागी राहू देत नाहीत. शेवटचा रविवारही शेडमध्येच झाला. रूथनं शास्त्रपठण केलं. उपासना संपल्यावर एका पोरानं विचारलं, "साहेब, अगले इतवार?" सगळी पोरं त्यांच्याकडे बघायला लागली. वाघमारे मास्तरांचा निर्णय सगळ्यांना ठाऊक होता.

साहेब म्हणाले, "मला कशाला विचारता? ज्याची जागा त्याला विचारा."

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. रूथनं नाही पाहिलं. ती बाकडी उचलत होती. पंचवीस पोरांसमोर कुणी मला कोंडीत पकडून हो म्हणायला लावावं, हे मला चालत नाही. मी म्हटलं, "शटर पाडायचंय, निघा." साहेबांनी माझा हात धरला, दोन्ही हातांनी दाबला. दहाव्यांदा विचारायला ते आता उद्या येणार नव्हते.

सामान आधीच पुढे गेलं होतं. ते रिक्षात बसले. पन्नास पावलं जाऊन रिक्षा बंद पडली. साहेब उतरले, खांदा लावला आणि ढकलायला लागले. पांढरा शर्ट पोटावर ताणलेला, पुढे रिक्षावाला ओरडतोय, "जोर लगाओ अंकल!" आणि ते मोठ्यानं काहीतरी गात ढकलतायत. रिक्षा फुरफुरून सुरू झाली, ते पळत पळत तिच्यात चढले आणि वळणावर गेले. मागे वळून पाहिलं नाही. तेच शेवटचं. आता ते जालन्याकडेच रिटायर होऊन राहतात असं ऐकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी एकटाच सायकलनं शेडवर गेलो. शटरची दुसरी चावी करायची होती. चावीवाल्याकडे जायचं म्हटलं तर जाता आलं असतं, पण पन्नास वर्षं कानस धरलेल्या माणसानं दुसऱ्याकडून चावी करून घ्यायची? पितळेची पट्टी कापली, माझ्या चावीवरून आखली, व्हाइसमध्ये पकडून घासली. शटरच्या कुलपात पहिल्यांदा अडकली. परत घासली. दुसऱ्यांदाही अडली. तिसऱ्यांदा लोण्यासारखी फिरली. तिथून वाघमारे मास्तरांच्या घरी गेलो. ते दात घासत होते. म्हटलं, "वडीलधारा मी. लिहून घ्या." त्यांनी तोंडात ब्रश तसाच ठेवून मान हलवली.

घरी आलो तेव्हा रूथ कॉलेजला निघाली होती. चावी तिच्या हातावर ठेवली. म्हटलं, "रविवारी पावणेपाचला तू उघडायचं. उशीर झालेला मला चालत नाही."

"आणि तुम्ही, आजोबा?"

"मी येईन साडेपाचला. आरामात," मी म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेलो.